वृद्ध लोकसंख्येविषयी आयर्लंडची नागरिक सभा

वृद्ध लोकसंख्येविषयी आयर्लंडची नागरिक सभा म्हणजे आयर्लंडमध्ये २०१७ च्या जून आणि जुलै महिन्यांत ९९ सामान्य नागरिकांनी वार्धक्यविषयक धोरणावर केलेला विचारविनिमय होय. हे नागरिक मतदानाने निवडून आलेले नव्हते. वय, लिंग, सामाजिक स्तर व प्रदेश यांचे लोकसंख्येतील प्रमाण राखून त्यांची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली होती. वृद्धांच्या काळजीचा खर्च कोणी सोसावा, घरी राहू इच्छिणाऱ्या वृद्धाला शासकीय साहाय्याचा कायदेशीर हक्क असावा काय, निवृत्तिवेतनाची व्यवस्था कशी असावी आणि वयाच्या कारणावरून नोकरी सोडावयास लावणे न्याय्य आहे काय, हे प्रश्न या सभेपुढे होते. सभेचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये संसदेला सादर झाला.

आयर्लंडची नागरिक सभा जगभर ओळखली जाते ती गर्भपातविषयक घटनादुरुस्तीमुळे. तिच्या वार्धक्यविषयक कार्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. धोरणाची गुंतागुंत आणि करांचा भार यांसारख्या रूक्ष विषयांवर सामान्य नागरिक कितपत विचारपूर्वक निर्णय देऊ शकतात, याचे उदाहरण म्हणून या कार्याचा अभ्यास केला जातो. नागरिकांनी निर्णय दिल्यावर शासन त्याचे काय करते, हा त्याच अभ्यासाचा दुसरा भाग आहे.

पार्श्वभूमी

यादृच्छिक निवडीने जमवलेल्या नागरिकांकडून सार्वजनिक प्रश्नांवर मत घेण्याची आधुनिक पद्धत १९७० च्या दशकात आकाराला आली. जर्मनीत पीटर डीनेल यांनी ‘नियोजन कक्ष’ ही कल्पना मांडली, तर अमेरिकेत नेड क्रॉस्बी यांनी न्यायालयीन ज्यूरीच्या धर्तीवर ‘नागरिक ज्यूरी’ सुरू केली. पुढे जेम्स फिश्किन यांनी ‘विमर्शात्मक जनमत चाचणी’ विकसित केली. तीत सहभागींचे मत चर्चेपूर्वी आणि चर्चेनंतर असे दोनदा नोंदवले जाते, त्यामुळे माहिती मिळाल्यावर मत कसे बदलते हे दिसून येते. या सर्व पद्धतींमागील गृहीत एकच आहे : पुरेशी माहिती, पुरेसा वेळ आणि परस्परांचे ऐकून घेण्याची संधी मिळाली, तर सामान्य माणूस सार्वजनिक हिताचा साधकबाधक विचार करू शकतो.

आयर्लंडमध्ये २०११ साली राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अशा सभेचा प्रायोगिक नमुना घेऊन पाहिला. त्यानंतर २०१२ ते २०१४ या काळात संविधानविषयक अधिवेशन भरले. त्यात ६६ नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष असे १०० सदस्य होते. या अधिवेशनाच्या शिफारशीनंतर २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले आणि ते मंजूर झाले. या अनुभवाच्या आधारे संसदेने जुलै २०१६ मध्ये नागरिक सभा स्थापण्याचा ठराव केला. या वेळी सदस्यांत लोकप्रतिनिधींचा समावेश करण्यात आला नाही.

संसदेने सभेकडे पाच विषय सोपवले : संविधानातील आठवी दुरुस्ती म्हणजेच गर्भपातबंदी, वृद्ध लोकसंख्येपुढील आव्हाने व संधी, हवामानबदल, सार्वमत घेण्याची पद्धत आणि संसदेचा निश्चित कार्यकाळ. यांपैकी वार्धक्याचा विषय दुसऱ्या क्रमांकाने चर्चेस आला.

वृद्धांशी संबंधित धोरण ठरवताना वृद्धांना आणि समाजाला सहभागी करून घ्यावे, हे तत्त्व त्याआधीच आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले होते. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २००२ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या वार्धक्यविषयक दुसऱ्या जागतिक परिषदेने संमत केलेल्या कृतिकार्यक्रमात निर्णयप्रक्रियेतील वृद्धांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आयर्लंडची लोकसंख्या युरोपातील अनेक देशांच्या तुलनेने तरुण आहे. परंतु तिच्यातील वृद्धांचे प्रमाण वेगाने वाढत आहे. २०१६ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ४७,६१,८६५ होती आणि तीत ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या ६,३७,५६७ होती. २०११ च्या तुलनेत ही संख्या सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती.

दीर्घकालीन काळजी

आयर्लंडमध्ये शुश्रूषागृहातील निवासासाठी २००९ च्या कायद्याने शासकीय साहाय्य योजना लागू आहे. ती ‘फेअर डील’ या नावाने ओळखली जाते. (भारतात ‘नर्सिंग होम’ हा शब्द लहान रुग्णालयासाठी वापरला जातो. येथे शुश्रूषागृह म्हणजे वृद्धांना कायम ठेवून घेऊन त्यांची काळजी वाहणारी संस्था.) या योजनेत वृद्ध व्यक्ती आपल्या परिगणित उत्पन्नाचा ८० टक्के हिस्सा देते. त्याखेरीज तिच्या मालमत्तेच्या मूल्याचा काही टक्के भाग दरवर्षी आकारला जातो. राहत्या घराच्या बाबतीत ही आकारणी तीन वर्षांपुरती मर्यादित असते. उरलेला खर्च शासन करते.

घरी राहून काळजीसेवा घेण्यासाठी मात्र असा कायदेशीर आधार नव्हता. घरी मदतनीस मिळणे हे त्या त्या भागातील उपलब्ध निधीवर आणि मनुष्यबळावर अवलंबून असे. परिणामी, थोड्या मदतीवर स्वतःच्या घरात राहू शकणाऱ्या व्यक्तीलाही कायद्याने खात्रीशीर वाट होती ती शुश्रूषागृहाचीच. बहुसंख्य वृद्धांची इच्छा घरी राहण्याची, तर कायद्याचा कल संस्थेकडे, अशी ही विसंगती होती.

निवृत्तिवेतन आणि निवृत्तिवय

दुसरी विसंगती वयाची होती. आयर्लंडमध्ये खाजगी क्षेत्रासाठी कायद्याने ठरवलेले सर्वसाधारण निवृत्तिवय नाही. पण अनेक नोकरकरारांत ६५ व्या वर्षी निवृत्त होण्याची अट असते. ६५ व्या वर्षी मिळणारे संक्रमणकालीन निवृत्तिवेतन जानेवारी २०१४ पासून बंद झाले आणि शासकीय निवृत्तिवेतनाचे वय ६६ झाले. त्यामुळे ६५ व्या वर्षी नोकरी गेलेल्या व्यक्तीला निवृत्तिवेतनाऐवजी बेरोजगार भत्त्यासाठी अर्ज करावा लागे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे काम केलेल्या माणसाची नोंद आयुष्यात प्रथमच ‘बेरोजगार’ म्हणून होत असे. २०११ च्या कायद्यानुसार निवृत्तिवेतनाचे वय २०२१ मध्ये ६७ आणि २०२८ मध्ये ६८ होणार होते, म्हणजे ही दरी पुढे आणखी रुंदावणार होती.

तिसरा प्रश्न प्रामुख्याने स्त्रियांचा होता. आयर्लंडच्या शासकीय सेवेत १९७३ पर्यंत विवाहानंतर स्त्रीला नोकरी सोडावी लागे. त्यानंतरही मुलांच्या संगोपनासाठी अनेक स्त्रियांनी नोकरी सोडली. सामाजिक विम्याचे हप्ते खंडित झाल्यामुळे अशा स्त्रियांचे निवृत्तिवेतन कमी होत असे. गृहकर्तव्यामुळे नोकरीबाहेर गेलेली वर्षे हिशेबातून वगळणारी सवलत १९९४ मध्ये सुरू झाली. परंतु ती त्या वर्षानंतरच्या काळालाच लागू होती. ज्या पिढीला तिची सर्वाधिक गरज होती, ती पिढी या सवलतीच्या बाहेर राहिली.

सभेची रचना आणि कार्यपद्धती

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय या सभेच्या अध्यक्षा होत्या. सभेची उद्घाटनाची बैठक ऑक्टोबर २०१६ मध्ये डब्लिन कॅसल येथे झाली. पुढील बैठका डब्लिनजवळील मालाहाइड या गावातील एका हॉटेलात शनिवार-रविवारी भरत. सदस्यांना मानधन दिले जात नसे; प्रवास, निवास आणि भोजनाचा खर्च शासन करी. काही सदस्य मध्येच बाहेर पडल्यास त्यांच्या जागी त्याच गटातील नवे सदस्य घेतले जात.

वार्धक्याच्या विषयासाठी १०-११ जून आणि ८-९ जुलै २०१७ असे दोन शनिवार-रविवार देण्यात आले. पहिल्या बैठकीत मुख्यतः दीर्घकालीन काळजीचा आणि दुसऱ्या बैठकीत निवृत्तिवेतन, उत्पन्न व रोजगार यांचा विचार झाला. विषयतज्ज्ञांच्या सल्लागार गटाने वक्त्यांची निवड आणि माहितीपत्रके यांबाबत अध्यक्षांना साहाय्य केले. जनतेकडून आणि संस्थांकडून लेखी निवेदनेही मागवण्यात आली होती.

बैठकीचे स्वरूप ठरलेले असे. प्रथम तज्ज्ञांची सादरीकरणे होत. नंतर सात-आठ सदस्य एका गोल मेजाभोवती बसून खाजगी चर्चा करीत. प्रत्येक मेजावर एक संवादसाहाय्यक आणि एक टिपणकार असे. एखादाच सदस्य बोलत राहू नये आणि अबोल सदस्यालाही संधी मिळावी, हे पाहणे संवादसाहाय्यकाचे काम होते. चर्चेतून निघालेले प्रश्न सदस्य पुन्हा तज्ज्ञांना विचारीत. सादरीकरणे आणि प्रश्नोत्तरे यांचे थेट प्रक्षेपण होई. मेजावरील चर्चा मात्र प्रक्षेपित केली जात नसे. सदस्याला आपले मत न संकोचता बदलता यावे, हा यामागील हेतू होता. जुलैच्या बैठकीच्या अखेरीस गुप्त मतदान झाले.

शिफारशी

मतदानातून पुढे आलेल्या प्रमुख शिफारशी पुढीलप्रमाणे होत्या.

काळजीसेवा : वृद्धांच्या काळजीसाठी शासनाने अधिक साधनसामग्री द्यावी, असे मत ८७ टक्के सदस्यांनी दिले. वाढीव निधी प्रामुख्याने घरी मिळणाऱ्या काळजीसेवेवर खर्च व्हावा, अशीही शिफारस करण्यात आली. या सेवेला कायद्याचा आधार देण्याचे शासनाचे आश्वासन त्वरेने पूर्ण करावे, या शिफारशीला ९९ टक्के सदस्यांचा पाठिंबा मिळाला.

खर्चाचा भार : काळजीसेवेचा निधी सर्व कमावत्या व्यक्तींकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यातून उभा करावा, असे ६० टक्के सदस्यांचे मत पडले.

निवृत्तिवेतन : शासकीय निवृत्तिवेतनाला पूरक अशी काही प्रकारची सक्तीची निवृत्तिवेतन योजना सुरू करावी, असे ८७ टक्के सदस्यांनी सुचवले. ६५ व्या वर्षी नोकरी सोडावी लागणाऱ्या व्यक्तीला ६६ व्या वर्षापर्यंत निवृत्तिवेतन मिळत नाही, ही विसंगती दूर करण्याच्या बाजूने ९६ टक्के मते पडली. गृहकर्तव्यासाठी असलेली सवलत १९७३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी, या शिफारशीला ९० टक्क्यांहून अधिक सदस्यांनी मान्यता दिली.

सक्तीची निवृत्ती : केवळ वयाच्या आधारे सक्तीने निवृत्त करण्याची प्रथा बंद करावी, असे ८६ टक्के सदस्यांचे मत होते.

याखेरीज वृद्ध, काळजीवाहक आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांच्यासाठी शासनाने आधीच जाहीर केलेली धोरणे तातडीने अमलात आणावीत, असा आग्रह सभेने धरला. नवी आश्वासने मागण्यापूर्वी जुन्यांची पूर्तता मागणारी ही शिफारस लक्षणीय मानली जाते.

मतांच्या या आकड्यांतील फरक अर्थपूर्ण आहे. वृद्धांना काय मिळावे या प्रश्नावर सदस्यांत जवळजवळ एकमत होते; खर्च कोणी करावा या प्रश्नावर ते बरेच विभागले गेले. तरीही बहुमत झाले ते सर्व कमावत्यांवर भार टाकणाऱ्या पर्यायाच्या बाजूने. हे मत देणाऱ्या सदस्यांत तरुण आणि मध्यमवयीन कमावते नागरिकही होते. नव्या हप्त्याचा विषय लोकांपुढे नेला तर लोक तो नाकारतील, अशी राजकीय पक्षांत सर्वत्र आढळणारी धास्ती या निकालाने काही प्रमाणात निराधार ठरवली.

शासनाचा प्रतिसाद

नागरिक सभेच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नव्हत्या. आठव्या दुरुस्तीवरील अहवालासाठी आणि नंतर हवामानबदलावरील अहवालासाठी संसदेने विशेष संयुक्त समित्या नेमल्या. पहिल्या विषयावर मे २०१८ मध्ये सार्वमत होऊन संविधानात बदलही झाला. वार्धक्यविषयक अहवालासाठी अशी स्वतंत्र समिती नेमली गेली नाही. त्यातील शिफारशींना संविधानदुरुस्तीची गरज नव्हती, त्यामुळे सार्वमताचा प्रश्नच आला नाही आणि उत्तर देण्याची निश्चित मुदतही राहिली नाही.

पुढील वर्षांत काही शिफारशींशी जुळणारे निर्णय झाले. जानेवारी २०१८ मध्ये शासनाने निवृत्तिवेतनाच्या गणनेची नवी पद्धत जाहीर केली. तीत मुलांच्या किंवा आजारी व्यक्तीच्या देखभालीत गेलेली वर्षे, २० वर्षांच्या मर्यादेपर्यंत, १९९४ पूर्वीची असली तरी धरली जाऊ लागली. २०१८ च्या कायद्याने बहुतांश सरकारी कर्मचाऱ्यांचे सक्तीचे निवृत्तिवय ७० पर्यंत वाढवण्यात आले. २०२१ मध्ये ६५ वर्षे वयाच्या निवृत्त व्यक्तींसाठी वेगळा भत्ता सुरू झाला. त्यामुळे त्यांना काम शोधत असल्याचे दाखवण्याची गरज उरली नाही.

निवृत्तिवेतनाचे वय वाढवण्याचा प्रश्न २०२० च्या सार्वत्रिक निवडणुकीत पेटला. मतदारांच्या नाराजीमुळे ६७ वर्षांची नियोजित वाढ रोखण्यात आली आणि प्रश्न एका आयोगाकडे सोपवण्यात आला. आयोगाच्या अहवालानंतर २०२२ मध्ये शासनाने वय ६६ वरच ठेवण्याचे ठरवले. इच्छा असल्यास ७० वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन पुढे ढकलून वाढीव दराने घेण्याची मुभा जानेवारी २०२४ पासून देण्यात आली. नोकरदारांना पूरक निवृत्तिवेतन योजनेत आपोआप सामील करून घेणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला. मात्र त्यात ठरावीक काळानंतर बाहेर पडण्याची मुभा असल्याने सभेने सुचवलेल्या सक्तीच्या योजनेशी तो पूर्णपणे जुळत नाही.

ज्या शिफारशीला ९९ टक्के पाठिंबा मिळाला होता, ती घरच्या काळजीसेवेच्या कायदेशीर हक्काची शिफारस मात्र रेंगाळली. शासनाने २०१७ मध्येच या विषयावर जनतेचे मत मागवले होते. तरीही २०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात असा हक्क देणारी योजना अस्तित्वात आली नव्हती. या सर्व बदलांपैकी कोणता बदल सभेमुळे झाला आणि कोणता अन्य कारणांनी, हे काटेकोरपणे वेगळे करता येत नाही. यांतील अनेक मागण्या वृद्धांच्या आणि स्त्रियांच्या संघटना आधीपासून करीत होत्या.

इतर देशांतील प्रयोग

जपानमध्ये मे २०११ मध्ये केइओ विद्यापीठाने निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर विमर्शात्मक जनमत चाचणी घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील १२७ नागरिक तीत सहभागी झाले होते.

इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रौढांच्या सामाजिक काळजीच्या खर्चावर नागरिक सभा भरली. ती शासनाने नव्हे, तर ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी आयोजित केली होती. ४७ नागरिक एप्रिल आणि मे महिन्यांत दोनदा बर्मिंगहॅम येथे जमले. आरोग्यसेवेप्रमाणेच काळजीसेवाही वापरताना मोफत असावी आणि तिचा निधी सार्वजनिक मार्गाने उभारावा, याकडे त्यांचा कल होता. समित्यांनी आपल्या संयुक्त अहवालात या मतांचा आधार घेऊन ४० वर्षांवरील व्यक्तींनी आणि मालकांनी भरावयाच्या वेगळ्या हप्त्याची सूचना केली. शासनाने २०२१ मध्ये आरोग्य व काळजी यांसाठी वेगळी आकारणी जाहीर केली. पण पुढील वर्षी ती रद्द झाली. आयर्लंडप्रमाणे येथेही नागरिकांनी पैसे देण्याची तयारी दाखवली. शासनाचा निर्णय मात्र टिकला नाही.

मूल्यमापन आणि टीका

वार्धक्याचा विषय नागरिक सभेसाठी विशेष अनुकूल मानला जातो. निवडणुकीची दृष्टी चार-पाच वर्षांपलीकडे सहसा जात नाही. निवृत्तिवेतन आणि काळजीसेवेचे निर्णय मात्र तीस-चाळीस वर्षांनी फळतात. शिवाय आजचा तरुण सदस्य उद्याचा वृद्ध असतो आणि आज तो कोणाचा तरी काळजीवाहकही असू शकतो. त्यामुळे स्वतःचे हित आणि इतरांचे हित यांची विभागणी या विषयात तितकीशी कठोर राहत नाही.

आयरिश सभेवर काही आक्षेपही घेतले गेले. गर्भपाताच्या विषयाला पाच शनिवार-रविवार मिळाले, तर वार्धक्याला केवळ दोन. काळजी, निवृत्तिवेतन आणि रोजगार हे तीन स्वतंत्र विषय इतक्या थोड्या वेळात बसवल्याने काही उपप्रश्नांना पुरेसा वेळ मिळाला नाही. २०१८ च्या आरंभी सात बदली सदस्यांची निवड यादृच्छिक पद्धतीने न होता ओळखीपाळखीतून झाल्याचे उघड झाले. हे सदस्य जानेवारी २०१८ च्या बैठकीला उपस्थित होते, वार्धक्यावरील बैठकांना नव्हते; तथापि निवडीवर देखरेख किती काटेकोर असावी लागते, हे त्यातून दिसून आले.

अधिक मूलभूत मर्यादा प्रतिनिधित्वाची आहे. वयोगटांचे प्रमाण राखले तरी अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा त्याला एकटे सोडून दोन दिवस बाहेर राहू न शकणारा काळजीवाहक अशा सभेत बसणे अवघड असते. धोरणाचा सर्वाधिक परिणाम ज्यांच्यावर होतो, त्यांचे म्हणणे अशा वेळी लेखी निवेदनांतून किंवा वक्त्यांच्या मुखातूनच सभेपर्यंत पोहोचते. मानधन नसल्याने रोजंदारीवर अवलंबून असलेल्यांनाही सहभाग कठीण जातो. आयर्लंडमधील नंतरच्या नागरिक सभांत सदस्यांना मानधन देण्याची पद्धत सुरू झाली.

शिफारशींचा पाठपुरावा हा टीकेचा मुख्य विषय राहिला आहे. ज्या अहवालांना संसदीय समिती, ठरलेली मुदत आणि लेखी उत्तराचे बंधन लाभले, त्यांचा परिणाम स्पष्टपणे मोजता आला. वार्धक्यविषयक अहवालाला यांपैकी काहीच लाभले नाही. त्यामुळे नागरिक सभा बोलावतानाच तिच्या प्रत्येक शिफारशीला शासनाने ठरावीक मुदतीत, स्वीकार वा नकाराची कारणे देऊन उत्तर द्यावे, अशी तरतूद असावी, असे मत या क्षेत्रातील अभ्यासक मांडतात.